थाळीबाईला न सांगितलेला घास

माणसाशी खोटं बोलताना निदान समोरच्याचे डोळे चुकवता येतात. यंत्राचे डोळे नेमके कुठं असतात हेच माहीत नसल्यावर माणसानं बघू नये तरी कुठं? सांगलीचे भूपालअप्पा मगदूम त्या दिवशी छताच्या पंख्याकडं बघत खोटं बोलले, आणि पंखा बंद होता.

हे यंत्र म्हणजे कुत्र्याचं जेवण ठरवणारी आणि बनवणारी थाळी. आकारानं घरगुती पिठाच्या गिरणीएवढी. वर पिठांचे, डाळींचे, तेलाचे बंद डबे आणि खाली स्टीलची थाळी. कंपनीनं तिला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, पण ती बाईच्या आवाजात, जन्म पुण्याच्या शाळेत शिकवण्यात गेल्यासारखं शुद्ध बोलायची. त्यामुळं घरात शिरल्या शिरल्या ती थाळीबाई झाली.

"राजगिरा घराबाहेर काही खातो का? कुणी काही भरवतं का? अगदी एखादा घाससुद्धा?" थाळीबाईनं घरच्या कुत्र्याबद्दल प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. अप्पांची सून त्रिशला नाही म्हणाली. मुलगा सन्मती बंगळुरूहून फोनवर नाही म्हणाला. अप्पा पंख्याकडं बघत म्हणाले, "छे! आमच्या घरात तसलं काही चालत नाही."

"अप्पा, तसलं म्हणजे कसलं ते तिला काय कळणार?" त्रिशला हसत म्हणाली.

"कळेल की. शिकलेली दिसते," असं म्हणून अप्पा पेपर उघडून बसले. पेपर कालचा होता.

आता हे अप्पा कोण ते सांगायला हवं. जन्मभर साखर कारखान्याच्या लॅबोरेटरीत केमिस्ट. उसाच्या रसाचा नमुना काढताना कुणी हयगय केली की भर शिफ्टमध्ये खडसावायचे, "नमुना खोटा तर रिपोर्ट खोटा! मग यंत्र सोन्याचं का असेना!" निवृत्त झाल्यावर बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, त्यांच्या शब्दाला वजन आलं. दिवस मावळायच्या आत जेवण, कांदा-लसूण बाराही महिने बंद. एका पुतण्यानं कॉलेजात ऑम्लेट खाल्ल्याचं कानावर आलं, तेव्हा अप्पा वर्षभर त्याच्याशी बोलले नव्हते.

घरात आता माणसं दोनच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, सन्मती शनिवार-रविवारचा पाहुणा. त्रिशला मिरजेच्या एका दवाखान्यात लोकांचे खांदे-गुडघे सरळ करायची आणि उरलेल्या वेळात घर. नातीनं हौसेनं कुत्र्याचं पिल्लू आणलं, त्याचे लाड केले आणि शिकायला जर्मनीला निघून गेली. कुत्रं राहिलं सासऱ्या-सुनेच्या गळ्यात. लांब कानांचं कॉकर स्पॅनियल, रंग राजगिऱ्याच्या लाडवासारखा, म्हणून नाव राजगिरा.

या राजगिऱ्याला पिल्लू असताना जुलाब लागले. दोन दिवस अन्नाला तोंड लावेना, मान टाकून पडला. त्रिशला दवाखान्यात गेलेली. अप्पा घाबरले, त्याला पोटाशी धरून पलीकडच्या मेहबूब मुलाणीकडं गेले. मेहबूब शाळेपासूनचा दोस्त, एसटीवर ड्रायव्हर होता. त्यानं जास्त चौकशी केली नाही. आतून एक वाटी घेऊन आला.

"काय आहे?" अप्पांनी विचारलं.

"अंडं. तू तिकडं बघ गड्या."

अप्पांनी रस्त्याकडं तोंड केलं. मागं जरा शांतता, मग मिटक्यांचा आवाज. वळून बघतात तर राजगिरा उभा राहून वाटी चाटतोय! अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी आनंदाचं होतं हे त्यांनी स्वतःलासुद्धा कबूल केलं नाही.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी लवकर जेवायचं, राजगिऱ्याला फिरायला न्यायचं, मुलाण्याच्या फाटकाशी थांबायचं, पाठ फिरवायची. मी दिलं नाही, मी बघितलं नाही. "तुझा देव फकस्त पुढनंच बघतोय व्हय रं?" मेहबूब चिडवायचा. "तू गप," अप्पा रस्त्याकडं बघत म्हणायचे. अशी दोन वर्षं गेली.

थाळीबाई आणली त्रिशलानं, आणि तिलाही नाव ठेवायला जागा नव्हती. राजगिऱ्याच्या अंगाला खाज सुटायची. दुकानदार म्हणायचा धान्य बंद करा, फोनवरचा ग्रुप म्हणायचा फक्त कच्चं द्या, मावशी म्हणायची दूधभातावर आमची चार कुत्री म्हातारी झाली. ऐकावं तरी कुणाचं? प्रत्येक पाकिटावर तोच तो हसरा कुत्रा आणि आत काय ते देव जाणे.

थाळीबाईचं शास्त्र तसं सरळ होतं, आणि अप्पांना ते मनापासून पटलं होतं. कुत्रा लांडग्यातून आला खरा, पण हजारो वर्षं माणसाच्या चुलीजवळ राहून तो लांडगा उरला नाही. पिठाचे पदार्थ पचवणारा रस तयार करणारी जनुकं लांडग्यात जेमतेम, कुत्र्यात कितीतरी जास्त, आणि ती प्रत्येक कुत्र्यात कमीजास्त. म्हणून एक कुत्रा भाकरीवर टुणटुणीत राहतो आणि त्याच भाकरीनं दुसऱ्याचं पोट बिघडतं. तेव्हा 'कुत्र्याला काय चांगलं' हा प्रश्नच चुकीचा. 'या कुत्र्याला काय चांगलं' हा खरा प्रश्न. थाळीबाई पहिल्या आठवड्यात रक्ताचा थेंब, लाळ, शी सगळं तपासायची, घरच्यांना प्रश्न विचारायची आणि त्या एका जिवाचं शरीर काय पचवतं, काय स्वतःचं स्वतः बनवतं, ते मांडायची. शरीर जे स्वतः बनवतं ते वरून घालायचं नाही, असा तिचा बाणा होता. मग रोज ताजं जेवण.

"शाकाहारी चालेल ना?" अप्पांनी मुद्दाम विचारून घेतलं होतं.

"हो. कुत्र्याला शाकाहारावर निरोगी ठेवता येतं," थाळीबाई म्हणाली होती. "फक्त मला मिळालेली माहिती खरी असायला हवी."

त्या आठवड्यातही अंडं चालूच होतं. रक्ताचा थेंब घेतला तोही त्याच दिवसांत. अप्पांच्या डोक्यात तेव्हा एवढंच होतं, की तोंडानं बोललो नाही म्हणजे झालं. जन्मभर नमुन्यावरून लोकांना खडसावलेल्या माणसाला घरातला नमुना दिसला नाही! माणसाचं असंच असतं. डॉक्टरपुढं आपण सगळेच 'साखर? छे, अजिबात नाही' म्हणतो आणि मग रिपोर्टवर विश्वास ठेवतो.

पुढच्या आठवड्यात गळपट्टा आला. तो कुत्र्याची नाडी मोजायचा, चाल बघायचा आणि श्वासाच्या वासावरून त्यानं बाहेरचं काय खाल्लं ते ओळखायचा. शेजारच्या बारशात राजगिऱ्यानं कुणाच्या तरी पत्रावळीतला पापड पळवला, तर घरी आल्यावर थाळीबाई सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "राजगिऱ्याने तळलेला पदार्थ खाल्ला आहे." त्रिशलानं लगेच चौकशी लावली, कुणी दिला, कधी दिला. अप्पांनी पेपर तोंडापुढं धरला. त्या संध्याकाळपासून ते मुलाण्याच्या फाटकावरून न थांबता पुढं जायला लागले. राजगिरा साखळी ताणून मागं बघायचा.

"काय रं, आज अंडं नको व्हय त्याला?" मेहबूबनं हाक मारली.

"आता नको. शास्त्रोक्त जेवण चालू झालंय त्याचं."

सुरुवातीचे महिने झकास गेले. खाज गेली, अंगावर तुकतुकी आली. कॉलनीत आणखी कितीतरी घरांत थाळ्या आल्या. त्रिशला कौतुकानं राजगिऱ्याचे फोटो लेकीला पाठवायची.

मग तो दमायला लागला. आधी जिना चढताना थांबायचा. मग चेंडू टाकला तरी नुसता बघत बसायचा. थाळीबाई म्हणाली, "हालचाल मंदावली आहे. वजन थोडं वाढलं आहे. आहार कमी करत आहे." तिनं कमी केला. मग बसल्या बसल्या खोकला सुरू झाला. थाळीबाई म्हणाली, "आहार पूर्णपणे योग्य आहे." आणि ती म्हणते म्हटल्यावर कोण काय बोलणार? अप्पांना एकदा वाटलं, अंडं बंद केल्यापासूनच हे... पण त्यांनी तो विचार तसाच मागं ढकलला.

एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला राजगिरा चालता चालता कोलमडला. जीभ बाहेर, हिरड्या पांढऱ्या. अप्पांनी त्याला उचलून घेतलं आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस रस्त्यातून अक्षरशः पळत सुटला.

डॉक्टर अवटी बाई प्राण्यांच्या डॉक्टरांत नावाजलेल्या. त्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदय दाखवलं. फुगलेलं, भिंती पातळ, आकुंचन अगदी दुबळं.

"आहारानं असं होऊ शकतं का हो?" त्रिशलानं विचारलं.

"होऊ शकतं. टॉरिन म्हणून एक द्रव्य असतं, हृदयाच्या स्नायूला लागतं. मांसात ते भरपूर. बहुतेक कुत्री ते स्वतःच शरीरात तयार करतात, पण या जातीतल्या काहींना ते नीट जमत नाही. मला पहिला संशय त्याचाच आला असता." त्यांनी थाळीचा अहवाल उघडला. "पण हे बघा. याची टॉरिनची पातळी उत्तम होती. शाकाहारी कुत्रा, बाहेरचं काही नाही, आणि तरी पातळी उत्तम! म्हणजे याचं शरीर ते व्यवस्थित बनवतंय. म्हणून तर थाळीनं वरून दिलं नाही. आजार जन्मजात दिसतोय."

"पुन्हा रक्त तपासलं तर?"

"पूर्वी आम्ही सगळंच पुन्हा तपासायचो. आता थाळीनं निकालात काढलेलं परत पाठवलं तर लॅबवालेच विचारतात, कशाला?" त्यांनी मान हलवली. "बाहेरचं खरंच काही खात नव्हता ना?"

"आमच्या घरात अप्पा आहेत, डॉक्टर," त्रिशला म्हणाली. आवाजात अभिमान होता. "अंड्याचं टरफलसुद्धा आमच्या कंपाउंडात येत नाही."

अप्पा भिंतीला टेकून उभे होते. त्यांना सगळं एका क्षणात कळलं. केमिस्टच ते! टॉरिन शरीर बनवत नव्हतंच, ते मुलाण्याच्या वाटीतून येत होतं. थाळीनं ते शरीराच्या नावावर मांडलं. आणि मग वाटी बंद झाली. एक वाक्य बोलायचं होतं, अगदी एक. अप्पांच्या तोंडातून ते फुटेना.

"किती दिवस आहेत?" त्रिशलानं विचारलं.

"औषधं देते. पण फार आशा ठेवू नका."

रिक्षात त्रिशला राजगिऱ्याला मांडीवर घेऊन रडत होती. अप्पा बाहेर बघत होते. कुणाला वाटेल, त्यांना बस्तीची भीती वाटत असेल, लोक काय म्हणतील म्हणून. तेही होतंच थोडं. पण खरी भीती शेजारी बसली होती.

नातीच्या जन्माच्या वेळी त्रिशलाला अतोनात रक्तस्राव झाला होता. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात डॉक्टर म्हणाले होते, अशक्तपणा फार आहे, काही दिवस अंडी दिलीत तर लवकर उभी राहील. त्रिशला कॉटवर होती. तिनं तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले होते, "आमच्यात चालत नाही." विषय तिथंच संपला. मग लोहाच्या गोळ्या, त्या उलटून पडायच्या. कितीतरी महिने पोरीला उचलून घ्यायचं बळ तिच्या हातात नव्हतं. त्रिशला त्यावर कधी एक अक्षर बोलली नाही. आता तिला काय सांगायचं? तुझ्यासाठी नाही, पण कुत्र्यासाठी चाललं?

सकाळी ते मेहबूबकडं गेले आणि सगळं सांगितलं. मेहबूब ऐकताना ओट्यावरून उठून उभा राहिला.

"मग हितं काय बसलाईस? जाऊन सांग की!"

"होत नाही रे माझ्याच्यानं."

"आरं, त्यो जीव मरालाय तिकडं!" मेहबूब ओरडला. मग अप्पांचं तोंड बघून जरा नरमला. "बरं, असं करूया. मी सांगतो. मीच चोरून देत हुतो म्हणतो. तुला काय ठावं न्हवतं. माझं काय जातंय? म्हातारं खुळं हाय म्हणंल पोरगी."

अप्पा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं.

मेहबूब आला तेव्हा त्रिशला राजगिऱ्याची गोळी तुपात घोळवत बसली होती. राजगिरा तिच्या पायाशी पडून जोरजोरात श्वास घेत होता.

"सूनबाई," मेहबूब दारातच उभा राहून म्हणाला, "माझ्याकडनं एक चूक झालीया. भूपालला ह्यातलं काय बी ठावं न्हाई. मी ह्या राजगिऱ्याला चोरून..."

त्याचा आवाज कापत होता. उभ्या आयुष्यात कुणाची काडी न उचललेला माणूस माझ्यासाठी सुनेपुढं मान खाली घालून 'चोरून' म्हणतोय, हे अप्पांना बघवेना.

"गप, मेहबूब." अप्पा खुर्चीतून उठले. "त्रिशला, तो खोटं बोलतोय. चोरून काही नव्हतं. मी रोज संध्याकाळी याला घेऊन जात होतो. अंडं खायला. मी पाठ करून उभा राहायचो. गळपट्टा आला तेव्हा बंद केलं."

त्रिशलानं गोळी खाली ठेवली. "कधीपासून?"

"पिल्लू होता तेव्हापासून."

"काल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथंच होता."

"होतो."

"आणि गप्प राहिलात."

"तुझ्यामुळं," अप्पा म्हणाले. "तुला कसं सांगू हे कळेना."

त्रिशलाला कळलं. चेहऱ्यावरून दिसलंच, कारण तो एकदम कोरा झाला. ती उठली आणि थाळीबाईसमोर खुर्ची ओढली.

"बसा. आधी तिला सांगा."

अप्पा बसले. या वेळी पंख्याकडं न बघता त्यांनी सांगितलं.

"काय खात होता, आणि किती?" थाळीबाईनं विचारलं.

"अंडं. उकडलेलं. रोज एक."

"फक्त अंडं?"

अप्पांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. इतकी वर्षं रोज चार पावलांवर उभं राहून त्यांना माहीतच नव्हतं! त्यांनी मेहबूबकडं बघितलं.

"अंडं," मेहबूब हळूच म्हणाला, "आणि त्यात कोंबडीचं काळीज कुस्करून. लिंबाएवढं असंल. ताकद याची म्हणून."

अप्पांनी डोळे मिटले.

थाळीबाई आपल्या त्याच शुद्ध, शांत आवाजात म्हणाली, "धन्यवाद. आधीचं अनुमान चुकीचं होतं. राजगिऱ्याचं शरीर टॉरिन पुरेसं तयार करत नाही, असं आता दिसतं. ते आणि हृदयाला लागणारं आणखी एक द्रव्य आजपासून आहारात देत आहे. डॉक्टरांना कळवलं आहे. वेळेत सुरू झालं तर अशा हृदयात सुधारणा होऊ शकते."

"हे टॉरिन," अप्पांनी घसा खाकरला, "करतात कशापासून?"

"कारखान्यात, रसायनांपासून. कोणत्याही प्राण्यापासून नाही. ही माहिती पहिल्या दिवशी मिळाली असती, तर पहिल्या दिवसापासून दिलं असतं."

अप्पा बसूनच राहिले. व्रतही राहिलं असतं, कुत्राही सांभाळला गेला असता. फक्त खरं बोलायचं होतं.

"म्हंजे माझं अंडं बी नको आणि ह्याची पाठ बी नको," मेहबूब पुटपुटला. कुणी हसलं नाही.

डॉक्टर अवटींचा लगेच फोन आला. थाळीच्या कागदावर मीही डोळे मिटून भरवसा ठेवला, त्या म्हणाल्या, चुकलंच माझं. आता वाट बघायची.

वाट बघण्याचे ते दिवस अप्पांना फार कठीण गेले. त्रिशला वेळच्या वेळी वाढायची, औषधाची आठवण करायची, पण 'अप्पा, आज काय झालं माहितीये का' असं म्हणून दवाखान्यातल्या गमती सांगणं बंद झालं. "जेवायला वाढलंय." "हो." एवढंच. अप्पा राजगिऱ्याशेजारी सतरंजी टाकून बसायचे. त्याच्या बरगड्या वरखाली होताना बघायचे. थाळीतला शेवटचा कण त्यानं चाटला की त्यांना बरं वाटायचं. आता ते त्याच्याकडं तोंड करून बसत.

हळूहळू खोकला कमी झाला. एकदा दारात पोस्टमन आला तर राजगिरा उठून भुंकला, आणि अप्पा, "शाब्बास रे माझ्या पठ्ठ्या!" म्हणून इतक्या मोठ्यानं ओरडले की पोस्टमन दचकून फाटकाबाहेर गेला. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी पडदा फिरवून दाखवला. भिंती जाड होत होत्या, ठोका जोरकस. "जगणार हा," त्या म्हणाल्या. "चांगला म्हातारा होऊन जाईल."

त्या दुपारी घरी आल्यावर त्रिशला व्हरांड्यातल्या बाकावर बसली. अप्पा समोरच्या खुर्चीत. राजगिरा बागेतल्या मांजराचा पाठलाग करून, हरून, परत येऊन झोपला होता.

"त्रिशला," अप्पा म्हणाले, "मला बोलायचंय."

"बोला."

"कुत्र्याच्या वेळी मला पाठ फिरवता आली. तुझ्या वेळी नाही आली. तेव्हा तेवढं तरी करायला हवं होतं. मी चुकलो, बाळ."

त्रिशलानं पदराशी चाळा केला. मग वर बघितलं. "दरवर्षी क्षमावाणीला तुम्ही मला हात जोडता, अप्पा. कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर म्हणता. हे कळत होतं, का नकळत?"

अप्पांनी थोडा विचार केला. "कळत."

"हं." तिनं बागेकडं बघितलं. "पाठ फिरवून काय झालं असतं? मी अंडं खाल्लं नसतंच."

"काय?"

"खाल्लं नसतं. मी पण बस्तीतच वाढले. डॉक्टरांनी म्हटलं तेव्हा माझ्या मनात पहिलं 'नको'च आलं. पण ते म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर तुम्ही म्हणून मोकळे झालात. माझं 'नको' मला म्हणायचं होतं अप्पा. मरायला टेकले होते मी, आणि माझ्या जेवणाबद्दल दारातली सगळी माणसं बोलत होती, मी सोडून." तिचा आवाज फाटला. "थाळीनं निदान सगळ्यांना विचारलं. मला कुणी विचारलंच नाही."

क्षमा माग म्हटलं तर शब्द पाठ होते अप्पांना. पण आत्ता ते शब्द उपयोगाचे नव्हते. ते म्हणाले, "मग आता विचारतो. फार उशीर झालाय, पण विचारतो. त्या दिवशी तुला काय पाहिजे होतं?"

इतक्या वर्षांत त्रिशलानंही स्वतःला ते विचारलं नसावं.

"पाणी," ती शेवटी म्हणाली. "घसा कोरडा पडला होता माझा. थोडं कोमट पाणी पाहिजे होतं. आणि कुणीतरी दारात उभं न राहता आत यावं, माझ्याजवळ बसावं, असं वाटत होतं."

अप्पा उठले. खुर्ची तिथंच राहू दिली आणि बाकावर, तिच्या शेजारी जाऊन बसले.